मोंढ्याचं पहिलं मत

आमच्या मोंढ्याच्या मतदानाचा इतिहास कुणी लिहायला घेतलाच, तर त्याचं पहिलं पान मी तोंडी सांगू शकतो. निजामाच्या राज्यात पहिल्यांदा निवडणूक झाली, मोंढ्यातल्या सगळ्या मतदारांनी मिळून एक मत दिलं, आणि ते एक मत माझ्या मोठ्या बाबांचं होतं. पुढची पानं सगळ्यांना पाठ आहेत. आता जीपगाड्या येतात, भोंगे ओरडतात, म्हाताऱ्यांना उचलून नेतात आणि आणून सोडायचं विसरतात. त्यावर हसायला मला आवडतं. पहिल्या पानावर मात्र मी अजून पुरता हसलेलो नाही, आणि ज्यानं उभा जन्म नकला करण्यात घालवला त्यानं हे कबूल करणं सोपं नसतं.

मोठे बाबा म्हणजे माझे थोरले चुलते. परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याकापसाच्या बाजारात, त्यांची कापसाची आडत होती. पुढं आडत, मागं घर, आणि मध्ये सरकीच्या वासानं भरलेला बोळ. शेजारची आडत माझ्या वडिलांची. सुगीत जिंतूर, पाथरीकडून गाड्या यायच्या, त्या आमच्या दोन ओट्यांमध्ये इतक्या दाटायच्या की एका ओट्यावरून दुसऱ्यावर जायचं तर बैलांच्या पाठीवरून जावं लागेल असं वाटे. मोठे बाबा कमी बोलायचे. शेतकऱ्याच्या हातावर रुमाल टाकून त्याखाली बोटांनी भाव ठरवणाऱ्या माणसाला बोलायची गरजही नसते. पण एकदा तोंडातून शब्द गेला की गेला. मोंढा त्यांना मानत होता तो एवढ्यासाठीच.

त्यांना एकच मुलगा. माझ्याहून चार-दोन वर्षांनी लहान, पण उंचीनं आणि अकलेनं मोठा. तो निजामाविरुद्धच्या चळवळीत होता. मीही होतो, पण चळवळीत माणसं दोन प्रकारची असतात: काही मार खातात, काही भाषण करतात. मी तिसऱ्या प्रकारचा होतो. गणपतीच्या मेळ्यात मी राणी व्हायचो, राक्षस व्हायचो आणि माणसं कमी पडली तर एकाच रात्री दोन्ही व्हायचो. तेव्हा चळवळीनं मला नकलांचं काम दिलं.

आणि नकलेला विषय काय मिळावा! सरकारनं असेंब्ली काढली होती. रयतेनं आपले प्रतिनिधी निवडून द्यायचे, असं जाहीर झालं. लोक हरखले. मग हळूहळू कळलं की मत रयतेला नाहीच, पेशाला आहे. जमीनदाराला जमीनदार म्हणून, व्यापाऱ्याला व्यापारी म्हणून, वकिलाला वकील म्हणून. शिवाय निवडून गेलेल्यांनी बोलायचं, ठरवायचं मात्र दुसऱ्यांनीच. चळवळीचं म्हणणं होतं की असल्या निवडणुकीत कुणी मत देऊ नये. मी ओट्यावर खुर्ची मांडून, डोक्यावर उंच टोपी चढवून निवडणूक अधिकारी व्हायचो. समोर कुणीतरी पटका बांधून उभा राहायचा.

"कौन हो तुम?"

"माणूस हाय, सरकार."

"माणसाला मत नाही. दुसरं काही असशील तर सांग."

मोंढा लोटपोट व्हायचा. मोठे बाबाही उपरण्याचं टोक तोंडात धरून हसलेले मी पाहिले आहेत. त्या हसण्याला काही दिवस होतात न होतात तोच आमच्या या चुलतभावाला पकडलं. शाळेच्या भिंतीवर 'मत देऊ नका' असं गेरूनं लिहिताना अमिनाच्या, म्हणजे फौजदाराच्या, शिपायांनी धरला. नक्कल करणारा मी घरी, आणि तीन शब्द लिहिणारा तो गुलबर्ग्याच्या तुरुंगात.

त्यानंतर मोठे बाबा हसले नाहीत. मोठी माय, म्हणजे माझी थोरली चुलती, रोज ताट वाढताना एक ताट जास्तीचं काढायची आणि मग परत फडताळात ठेवायची. तुरुंगात कोण आजारी पडला, कुणाला खोकला धरला, कुणाला काठ्या बसल्या, असल्या बातम्या मोंढ्यात गाडीवानांच्या तोंडून येत. येणारा प्रत्येक गाडीवान तिला काही ना काही सांगून जाई, आणि त्यातलं काहीच खात्रीचं नसे. खात्री नसलेलं ऐकूनच माणूस जास्त खंगतं.

अशात एके दिवशी जिनवाले शेठ मोठ्या बाबांच्या आडतीत येऊन बसले. ते निवडणुकीला उभे होते. जिनिंगचा कारखाना त्यांचा, सरकारदरबारी, पार जिल्ह्याच्या तालुकदारापर्यंत, उठबस त्यांची. मी बोळात सरकीची पोती मोजायचं सोंग करीत उभा होतो, म्हणून सगळं ऐकलं.

"तालुकदारसाहेबांच्या कानावर घालतो पोराचं," शेठ म्हणाले. "सुटून येईल. लेकराची उमर काय आणि गुन्हा काय! भिंत तर रंगवली."

मोठे बाबा रुमालाची घडी घालत राहिले.

"तुम्ही फक्त मताला या. तुम्ही निघालात की सगळा मोंढा मागं येतोय. मला काय, एका तुमच्या मताची गरज न्हाई. तुमच्या पाठीमागच्यांची गरज हाय."

"पोरगं ज्याच्यासाठी आत गेलंय, तेच मी मोडू?" मोठे बाबा म्हणाले.

"पोरगं बाहेर आलं की रुसंल, आणि मग जेवंल. आत राहिलं तर काय करंल?"

 शेठ उठताना म्हणाले, "त्या दिवशी माणूस धाडतो न्यायला." मोठ्या बाबांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आतल्या दाराच्या फटीतून मोठ्या मायच्या बांगड्या वाजल्या, म्हणजे तिनंही ऐकलं होतं.

आता इथं मला थोडं थांबून आमच्याकडचं बोलावणं सांगितलं पाहिजे, कारण त्याशिवाय पुढचा दिवस कळायचा नाही. आमच्या भागात कार्याचं आमंत्रण दोनदा होतं. आधी अक्षता घेऊन घरचा माणूस येतो आणि सांगून जातो. ते झालं नुसतं सांगणं. मग प्रत्यक्ष दिवशी, पानं मांडली की पुन्हा घरचाच माणूस दारोदार फिरतो, "चला, पानं मांडली." हे खरं बोलावणं. ते आल्याशिवाय कुणी मानाचा माणूस उठत नाही. नवे कपडे घालून, टिळा लावून, पोटात कावळे ओरडत असले तरी ओट्यावर बसून राहतो. एका लग्नात बोलावणारा पोर आमची गल्ली विसरला. सबंध गल्लीनं अंगावर लग्नाचे कपडे असताना घरच्या भाकरी खाल्ल्या आणि त्या घराशी बोलणं टाकलं. त्याच जोडप्याच्या मुलाच्या बारशापर्यंत ते तसंच राहिलं. बाहेरगावच्या माणसाला यात वेडेपणा दिसेल. आम्हाला तो न दिसणं हाच आमचा मान होता.

मतदानाचा दिवस उजाडला. सरकारनं आठ दिवस आधी दवंडी दिली होती, तेवढंच. अधिकारी सकाळपासून बलदियाच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, शाळेत दोन पेट्या मांडून बसले. उमेदवार दोन, म्हणून पेट्या दोन, एक हिरवी आणि एक पिवळी. मत गुप्त राहावं म्हणून मध्ये पडदा लावायचा होता. पण त्या दिवशी चळवळीनं हरताळ पुकारलेला, कापडाची दुकानं बंद, तेव्हा पडद्याचं कापड कुठून येणार? मत उघड्यावरच द्यायचं ठरलं.

माझं काम होतं मोंढ्याच्या तोंडाशी थांबायचं, आणि कुणी मताला निघालं तर हात जोडून परत फिरवायचं. मी तिथं जाऊन उभा राहिलो आणि वळून पाहिलं तर थक्क झालो. ओट्याओट्यावर मोंढ्यातले झाडून सगळे म्हातारे मतदार धुतलेली धोतरं नेसून, रुमाल बांधून, काही तर शेरवान्या चढवून बसले होते. कुणी चळवळीचे होते, कुणी सरकारचे होते, बरेच कुणाचेच नव्हते. पण बसले होते सगळे सारखेच. मला वाटलं, झालं, आता ही पलटण उठते आणि आपला बहिष्कार उडतो.

कुणी उठेना. मी समोरच्या सरकीवाल्या आजोबांना विचारलं, "आजोबा, मताला निघायलात का?"

"कुणी बोलावलंय का?" ते म्हणाले.

"दवंडी झाली की."

"ते सांगणं झालं," आजोबा म्हणाले. "बोलावणं कुठं आलंय? आमी काय आशाळभूत हाव का, आपल्या पायानं जायला?"

मी तेव्हाच ओळखलं की आमच्या मोंढ्यातला बहिष्कार चळवळ आणि शिष्टाचार या दोघांनी मिळून केला आहे. मंचावर कुणी ते कधी सांगितलं नाही, ही गोष्ट वेगळी. तिकडं शाळेत अधिकारी वाट पाहत होते, इकडं मतदार वाट पाहत होते, आणि मध्ये मी एकटा निष्कारण हात जोडून उभा.

मोठे बाबाही आपल्या ओट्यावर, माझ्यापासून चार पावलांवर, बसले होते. काळी शेरवानी, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. त्यांचा चेहरा बाकीच्या म्हाताऱ्यांसारखा नव्हता. बाकीचे बोलावणं यावं म्हणून बसले होते. ते येऊ नये म्हणून बसले होते, असं मला वाटलं. पोर सुटावं हे त्यांना हवं होतं आणि पोराचा शब्द आपल्या हातून मोडू नये हेही हवं होतं. दोन्ही एकदम मिळण्याची एकच वाट होती: कुणी न्यायलाच येऊ नये, म्हणजे न गेल्याचा दोष आपला नाही.

दुपार कलायच्या आधी शेठचा मुनीम टांग्यातून आला. आला तो टांग्यातच बसून राहिला. खाली न उतरता, मोठ्या बाबांच्या ओट्यासमोर घोडा थांबवून ओरडला, "ओ शेठजी, मताला चला, बसा!"

सगळा मोंढा कान टवकारून बसला. मोठ्या बाबांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पलीकडच्या ओट्यावरून सरकीवाले आजोबा म्हणाले, "कामून ओरडायलास रे? सोयऱ्याधायऱ्यातला असतास तर उतरला असतास. भाड्याच्या माणसानं भाड्याच्या टांग्यातून बोलवायचं असतंय व्हय?"

मुनीम चिडला. "यायचं असंल तर या, न्हाई तर ऱ्हावा घरी!" म्हणाला आणि टांगा हाकून निघून गेला.

मी पाहत होतो. मोठ्या बाबांचे खांदे खाली आले. एखाद्याच्या पाठीवरचं पोतं कुणी उचलून घ्यावं तसे. त्यांनी शेरवानीचं वरचं बटण काढलं. दुसरं काढलं. बोलावणं आलं होतं, पण ते बोलावणं नव्हतं, आणि ते गेले नाहीत यात आता कुणालाच काही म्हणता येणार नव्हतं, पोराला नाही, शेठला नाही, देवालाही नाही. मी मनात त्यांना मुजरा केला. असला प्रवेश नाटकात सुचला असता तर मी आयुष्यभर तेवढाच करत राहिलो असतो.

तेवढ्यात मोठी माय बाहेर आली.

मोंढ्यात दिवसाउजेडी ती कधी पुढच्या ओट्यावर येत नसे. डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला, दुसऱ्या हातात कुंकवाचा करंडा आणि अक्षतांची वाटी. ती ओट्याच्या पायऱ्या उतरली, खाली रस्त्यावर आली, आणि बाहेरून आल्यासारखी वळून आपल्याच घराकडं तोंड करून उभी राहिली. मग पायऱ्या चढून वर गेली, मोठ्या बाबांच्या कपाळाला कुंकू लावलं, रुमालावर अक्षता टाकल्या.

"चला," ती म्हणाली. "मताला चला. मी बोलवायला आलेय."

मोठे बाबा तिच्याकडं पाहत राहिले.

"घरातलंच माणूस घरातल्याला बोलवतंय व्हय?" ते हळू आवाजात म्हणाले.

"घरातलं न्हाई. मी त्या लेकराकडून आलेय."

"त्या लेकराला हे आवडायचं न्हाई."

"न आवडू द्या. मला त्याचा राग बघायचाय. इथं बसून बघायचाय, माझ्या डोळ्यांनी." तिचा आवाज चढला नाही. "तुमचा मान ऱ्हाईल, चळवळीचा मान ऱ्हाईल, शेठचा ऱ्हाईल. मला कोणचाच नको. उठा."

 मला हात जोडून आडवं जायचं होतं, माझं काम तेच होतं. पण तिच्यासमोर हात जोडले गेले ते नमस्काराचे. मोठ्या बाबांनी काढलेली दोन्ही बटणं परत लावली. उठले. रस्त्यानं एकटे चालत निघाले, आणि मी मागं राहून चालू लागलो, कारण तेवढं अंतर त्यांना एकट्यानं जाऊ देणं मला जमलं नाही.

ओट्यांवरचे म्हातारे पाहत होते. शेठचा हिशेब असा की ते निघाले की मोंढा निघेल. मोंढा निघाला नाही. मोठ्या मायनं बोलावलं होतं ते एकालाच.

शाळेच्या फाटकातून मला आतलं सगळं दिसत होतं. पडदा नव्हताच. अधिकारी इतके खूष झाले की खुर्चीवरून उठले. "तशरीफ लाइए, तशरीफ लाइए!" पेशकार कारकुनानं पेशा विचारला. "आडत," मोठे बाबा म्हणाले. चिठ्ठी हातात मिळाली. शेठ स्वतः पेटीजवळ उभे होते, हसत होते. मोठ्या बाबांनी त्यांच्या तोंडाकडं न पाहता त्यांच्या हिरव्या पेटीत चिठ्ठी टाकली. एकदाच हात थांबला होता, पेटीच्या फटीवर. मग सुटला.

"और लोग भी आ रहे हैं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"त्यांचं त्यांना विचारा," मोठे बाबा म्हणाले आणि बाहेर आले.

परत येताना सरकीवाल्या आजोबांनी त्यांना ओट्यावरून विचारलं, "झालं का मत? गोड व्हतं का तिखट?" त्यांना टोमणा मारायचा नव्हता, तो त्यांचा स्वभावच होता. मोठे बाबा थांबले नाहीत. घरात गेले, शेरवानी खुंटीला लावली, आणि त्यानंतर ती त्यांनी कुठल्याही कार्याला घातली नाही.

शेठ निवडून आले. मतं इतकी थोडी पडली होती की मोजायला पेशकाराला बसावंसुद्धा लागलं नाही, असं लोक म्हणत. मोठे बाबा एकदा त्यांच्याकडं गेले. पोराचं काय, म्हणाले. शेठ म्हणाले, "सौदा मोंढ्याचा झाला होता. तुम्ही एकटेच आलात." पुढं एवढं मात्र झालं की तुरुंगात भावाला बोलावून, माफी लिहून दे, सोडतो, असं सांगितलं गेलं. त्यानं नाही म्हटलं. त्याच्या बरोबरचा एक जण सुटून आला, त्यानं ही गोष्ट आमच्या ओट्यावर बसून सांगितली. आणि खाली मान घालून हेही सांगितलं की मोंढ्यातून एक मत पडल्याची बातमी तुरुंगात पोचली आहे, कुणाचं तेही. "तो काय म्हणाला?" मोठ्या मायनं दारातून विचारलं. "काही न्हाई म्हणला. त्या दिवशी जेवला न्हाई."

मतानं पोर सुटलं नाही, आणि पोराचा शब्द मात्र मोडला. मोठ्या बाबांच्या वाट्याला दोन्हींचा तोटा आला.

मग पोलीस ॲक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं, तुरुंग उघडले. भाऊ आला तेव्हा इतका वाळला होता की मोठी माय त्याला ओळखायला क्षणभर चुकली. तो तिच्या पाया पडला, बापाच्या पाया पडला, ताटावर बसला. सगळं रीतीप्रमाणं. बापाशी बोलला तेही रीतीप्रमाणं: पाऊसपाणी, कापूस, भाव. त्याखेरीज एक अक्षर नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोठ्या मायला राहवेना. मी तिथंच होतो.

"त्यांना बोलू नकोस," ती त्याला म्हणाली. "म्या धाडलं व्हतं त्यांना. कुंकू लावून धाडलं."

"मी काही बोललो का?" भाऊ म्हणाला.

"तेच म्हणते मी. बोल की काहीतरी!"

आडतीतून मोठ्या बाबांचा आवाज आला, "कुणी धाडलं न्हाई. मी मपल्या पायानं गेलो." आणि ते तिथल्या तिथं आडतीतल्या माणसांना काही दुसरंच सांगू लागले. भाऊ उठून बाहेर निघून गेला. बापलेकांमध्ये आता भांडणसुद्धा उरलं नव्हतं. मला ते फार वाईट वाटलं. भांडणात निदान संवाद असतात.

काही दिवसांनी मोंढ्यात सभा झाली. दोन बैलगाड्या जोडून, वर सतरंजी टाकून मंच केला होता. सुटून आलेल्यांना हार घालायचे होते. भाऊ मंचावर, पहिल्या रांगेत. मोठे बाबा खाली माणसांमध्ये बसले होते, पांढरा सदरा, साधा रुमाल. बायका गोदामाच्या सावलीत. मला मंचावर नक्कल करायची होती, जुनीच, तीच खुर्ची आणि तीच उंच टोपी. मी ती करायला उठणार तेवढ्यात बाहेरगावचे वक्ते बोलायला उभे राहिले. आवाज मोठा, माणूस भला. मोंढ्याची तारीफ करू लागले. त्या एका मताचं कुणी त्यांना सांगितलं होतं की नव्हतं, मला ठाऊक नाही.

"या मोंढ्यानं त्या खोट्या असेंब्लीला लाथ मारली!" ते म्हणाले. "या मोंढ्यातला एकूण एक मतदार त्या दिवशी घरी बसला! एकही मत..."

"एक कमी करा."

आवाज मोठा नव्हता. काट्यावर पोतं चढलं की तोलणाऱ्याला ज्या आवाजात सांगतात, तसा होता. मोठे बाबा उभे राहिले होते.

वक्ते थांबले. "काय म्हणतात बाबा?"

"एक कमी करा," मोठे बाबा म्हणाले. "एक मत पडलं व्हतं. म्या गेलतो."

कुणी हसलं. कुणी म्हणालं, "बसा हो, बसा, झालं गेलं." मागून एक नवा तरणा कार्यकर्ता, ज्यानं चळवळीत काय केलं ते आम्हाला तेव्हाही कळलं नव्हतं, ओरडला, "मंग इथं कशाला आलाव?" मोठ्या बाबांनी त्याच्याकडं मान वळवली नाही. ते मंचाकडं पाहत होते, आणि मंचावरच्या सगळ्यांकडं नव्हे.

आयुष्यात एवढे प्रवेश केले, पण कुणी उभं राहून आपल्याच विरुद्धचं एक वाक्य असं सांगितलेलं मी पाहिलं नव्हतं. मला मात्र हातातली उंच टोपी कुठं ठेवावी कळेना.

भाऊ उठला. त्याच्या गळ्यात हार पडायचा होता, हार घेऊन उभा असलेला माणूस मध्येच राहिला. भाऊ गाडीच्या साटीवरून खाली उतरला आणि माणसांतून वाट काढत बापाजवळ येऊन उभा राहिला. खाली न पाहता तो वक्त्यांना म्हणाला, "बरोबर सांगतात ते. एक कमी करा. माझे वडील हायत."

 वक्त्यांनी आपलं वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, तेवढ्याच मोठ्या आवाजात. "या मोंढ्यातला एक मतदार सोडून, एकूण एक मतदार..." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या कशासाठी होत्या हे वाजवणाऱ्यांनाही सांगता आलं नसतं. गोदामाच्या सावलीत मोठ्या मायनं पदर तोंडाला लावला होता.

मी दोघांच्या अगदी मागं होतो, म्हणून पुढचं मलाच ऐकू आलं.

"तू कामून उतरलास?" मोठे बाबा दबक्या आवाजात म्हणाले. "हार तर पडू द्यायचा."

"तुमी उभे हायत," भाऊ म्हणाला. "मी वर कसा बसू?"

मोठे बाबा खाली बसले. मग भाऊही त्यांच्या शेजारी बसला, आणि वक्ते पुढं बोलू लागले.